आमच्या जातीला व्हॅलिडिटी लागते, कंपनीच्या शब्दाला का नको?



प्रमाणपत्र म्हणजे काय, हे या देशात आपल्या समाजाइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. शाळा सोडल्याचा दाखला, तहसीलमधला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि या सगळ्यांच्या वर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'व्हॅलिडिटी'. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा किंवा हिंगोली, कुठल्याही तालुक्यातल्या बारावी सायन्सच्या आपल्या विद्यार्थ्याला विचारा. नीट आणि सीईटीच्या अभ्यासाइतकेच त्या फाईलचे ओझे घरावर असते.

अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या पणजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याच शाळेचा कागद पणतूने आणायचा. निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद शोधत आपली माणसे कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. १९९४ च्या माधुरी पाटील निकालात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समिती आणि दक्षता पथकाची पद्धत घालून दिली. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याचे कलम ८ स्पष्ट सांगते की दावा सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची. दाखला खोटा निघाला तर मिळालेले सगळे लाभ काढून घेतले जातात आणि शिक्षाही होते. बोगस दाखलेवाल्यांनी आपल्या जागा खाल्ल्या म्हणून ही चाळणी आपण मान्य केली. तिचा जाच सोसूनही मान्य केली.

आता हाच नियम दुसऱ्या बाजूला लावून बघू. जी कंपनी, जी बँक, जे कर्ज देणारे ॲप आपले आधार, आपला फोटो, आपल्या जातीचा दाखला, आपल्या घरातल्या माणसांचे मोबाईल नंबर घेते, ती म्हणते, "तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे." हाही एक दावा आहे. तो कोण तपासतो? कंपनीने स्वतः निवडलेली आणि स्वतः फी भरलेली संस्था तपासते, एक प्रमाणपत्र देते, आणि कंपनी ते ऑफिसच्या भिंतीवर आणि वेबसाइटच्या खालच्या कोपऱ्यात लावते.

आमचे म्हणणे एवढेच आहे: माणसाला लावलेला पुराव्याचा नियम कंपनीलाही लावा.

आपले कागद कुठे कुठे फिरतात

हिंगोली हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला पाच तालुक्यांचा जिल्हा. मोठे कारखाने नाहीत. हळदीचा मोंढा आहे, शेतमजुरी आहे, ऊसतोड आहे आणि पुण्या-मुंबईची वाट आहे. अशा जिल्ह्यात 'डेटा प्रायव्हसी' हा शब्द उच्चारला की आपलेच कार्यकर्ते हसतात. "इथे रेशनचे वांधे आहेत आणि तुम्ही प्रायव्हसी घेऊन बसलात?" असे विचारतात. त्यांना आम्ही उलट विचारतो: रेशन कशावर मिळते? अंगठ्यावर. शिष्यवृत्ती कशावर मिळते? महाडीबीटीवर चढवलेल्या दाखल्यांवर. गटाचे कर्ज कशावर मिळते? बाईच्या आणि तिच्या नवऱ्याच्या आधारवर. गरीब माणसाकडे गहाण ठेवायला शेत नाही, सोने नाही, म्हणून तो आपली माहिती गहाण ठेवतो. खासगीपणाची सर्वात जास्त किंमत तोच मोजतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला पोरगी सेतू केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात जाते. तिचे सगळे दाखले तिथल्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये पडून राहतात. ते कधी पुसले जातात, हे ना ती विचारते ना दुकानदार सांगतो. फायनान्सवाला वस्तीवर येतो, बायकांना ओळीने बसवतो, प्रत्येकीच्या कागदांचे फोटो काढतो. कधी कंपनीच्या ॲपमध्ये, तर कधी स्वतःच्याच मोबाईलमध्ये. पुण्यात सिक्युरिटी गार्डची नोकरी लावून देणारा एजंट व्हॉट्सॲपवर दहा कागद मागवतो, त्यात गरज नसताना जातीचा दाखलाही असतो. यातली प्रत्येक पायरी कुठल्या ना कुठल्या मोठ्या संस्थेच्या धंद्याचा भाग आहे. त्या संस्थेकडे प्रमाणपत्र असेलही. ते प्रमाणपत्र आपल्या वस्तीपर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे.

प्रमाणपत्र नेमके कशाचे?

कंपन्या जे प्रमाणपत्र सर्वात जास्त मिरवतात ते आयएसओ २७००१. हा माहितीच्या सुरक्षेची व्यवस्था कशी चालवावी याचा आंतरराष्ट्रीय मानक आहे. खासगीपणासाठी २०१९ मध्ये आयएसओ २७७०१ आला. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते काम प्रमाणन संस्था करतात. प्रमाणपत्र साधारण तीन वर्षांचे असते, मध्ये दरवर्षी तपासणी होते. यात वाईट काही नाही. कुलूपच नसण्यापेक्षा कुलूप असलेले बरे.

पण त्या प्रमाणपत्रावर 'स्कोप' नावाची एक ओळ असते. म्हणजे तपासणी कंपनीच्या कुठल्या भागाची झाली, ते. हा भाग कंपनी स्वतः ठरवते. पुण्यातले मुख्य कार्यालय आणि सर्व्हर एवढाच स्कोप लिहिला असेल, तर सेनगाव तालुक्यात वसुलीला फिरणाऱ्या एजंटचा मोबाईल त्यात येत नाही. वसमतच्या मोंढ्यात हळद घेणारा व्यापारी पोत्यातली वरची मूठ बघून भाव करत नाही, मधला माल बाहेर काढून बघतो. आपल्याला मात्र कंपनीची वरची मूठ दाखवली जाते आणि सगळे पोते तसेच आहे असे मानायला सांगितले जाते.

शिवाय हे प्रमाणपत्र कोणाचे रक्षण करते तेही बघा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ प्रमाणे, कंपनीच्या निष्काळजीपणामुळे संवेदनशील माहितीच्या बाबतीत नुकसान झाले तर भरपाई मागता येते. पण त्याखालच्या २०११ च्या नियमांत म्हटले आहे की आयएसओ २७००१ किंवा तशी मान्य पद्धत राबवणाऱ्या आणि मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडून नियमित तपासून घेणाऱ्या कंपनीने वाजवी काळजी घेतली असे मानले जाईल. म्हणजे भरपाईचा दावा आला की कंपनी प्रमाणपत्र पुढे करणार. आपली व्हॅलिडिटी आपल्याला दारातून आत घेते. त्यांचे प्रमाणपत्र आपल्याला दाराबाहेर ठेवायलाही वापरता येते.

नव्या कायद्यातून काय गळाले

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला. त्या मसुद्यात आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी होत्या. एक, 'जात किंवा जमात' ही संवेदनशील माहिती मानली होती, म्हणजे ती हाताळताना जास्त कडक बंधने. दोन, स्वतंत्र तपासनीसाने कंपनीला विश्वासाचे गुण द्यावेत अशी तरतूद होती. २०१९ च्या विधेयकातही दोन्ही होत्या. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा प्रत्यक्षात आला, त्यात संवेदनशील माहितीचा वेगळा वर्गच नाही. म्हणून जातही नाही. विश्वासाचे गुणही नाहीत. आज कायद्याच्या नजरेत तुमचा कुरिअरचा पत्ता आणि तुमची जात एकाच पारड्यात आहेत.

जात ही कशी माहिती आहे, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. तरी पुरावा हवा असेल तर सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ चा अभ्यास आहे. सारख्याच शिक्षणाचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले. काहींवर सवर्ण आडनाव, काहींवर दलित आडनाव. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. तेव्हा अर्ज माणसे वाचत होती. आता अर्ज आधी कॉम्प्युटर चाळतो. आडनाव, गाव, पिनकोड, शिष्यवृत्तीचा प्रकार, इतके मिळाले की जात विचारावीही लागत नाही.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होण्याचे वेळापत्रक आहे. सुरक्षेत कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आकडा ऐकून बरे वाटते. पण हा दंड जातो भारताच्या संचित निधीत. ज्या बाईच्या आधारवर दुसऱ्याने कर्ज उचलले, तिच्या हातात त्यातला एक रुपया येत नाही. उलट ज्या कलम ४३अ खाली भरपाई मागता येत होती, तेच कलम हा कायदा त्याच वेळी रद्द करतो. वर तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर तक्रारदाराला दहा हजार रुपयांपर्यंत दंड.

एक गोष्ट मात्र थांबली नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मधला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू झाला. 'वैयक्तिक माहिती' म्हटले की माहिती नाकारायची वाट मोकळी झाली. बोगस जात दाखल्याचा छडा लावणारा कार्यकर्ता उद्या अर्ज करेल तेव्हा त्याला खासगीपणाचे कारण दाखवले जाईल. म्हणजे खासगीपणा मिळायला दीड वर्ष थांबायचे, आणि खासगीपणाच्या नावाने माहिती नाकारणे आजपासून. अशा वेळी कलम ८(२) विसरू नका. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, ही तरतूद अजून शाबूत आहे.

मोठ्या कंपन्यांपैकी सरकार ज्यांना 'महत्त्वाच्या' म्हणून जाहीर करेल, त्यांना दरवर्षी स्वतंत्र तपासणी करावी लागेल. पण तो तपासनीस नेमणार कंपनीच. आणि बाजारात कोणी 'डीपीडीपी सर्टिफाइड' असा बिल्ला दाखवला तर सावध राहा. या कायद्यात कंपनीला तसे सरकारी प्रमाणपत्र देणारी योजना नाही. तो खासगी बिल्ला आहे.

बाहेरच्या जगाचा अनुभव

अमेरिकेत ट्रस्ट-ई नावाची संस्था वेबसाइटना खासगीपणाचा शिक्का देत असे. दरवर्षी फेरतपासणी करतो असे ती सांगत होती. २०१४ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने उघड केले की २००६ ते २०१३ या काळात एक हजारांहून जास्त वेळा ती फेरतपासणी झालीच नव्हती. संस्थेने दोन लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. बेंजामिन एडलमन या संशोधकाने तर आधीच दाखवले होते की हा शिक्का असलेल्या वेबसाइट शिक्का नसलेल्यांपेक्षा जास्त अविश्वासू निघतात. कारण उघड आहे. ज्याला लोकांचा विश्वास विकत घ्यायचा असतो, तोच शिक्क्यासाठी आधी रांगेत उभा राहतो.

जपानमध्ये १९९८ पासून प्रायव्हसी मार्क आहे. बेनेसे या शिक्षण क्षेत्रातल्या मोठ्या कंपनीकडे तो होता. २०१४ मध्ये तिच्या कोट्यवधी ग्राहकांची माहिती चोरून विकली गेली. चोरी केली कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाने. म्हणजे दोष पुन्हा त्या शेवटच्या कडीत. पण तिथे एक गोष्ट झाली: त्याच वर्षी कंपनीचा मार्क काढून घेतला. युरोपच्या कायद्यात प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, जास्तीत जास्त तीन वर्षांचे आहे, त्याची नोंद सार्वजनिक आहे, आणि प्रमाणपत्र आहे म्हणून कंपनीची जबाबदारी कमी होत नाही असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

तेव्हा प्रमाणपत्रालाच आमचा विरोध नाही. ते कोण देतो, पैसे कोण भरतो, काय तपासतो आणि खोटे निघाल्यावर काय होते, यावर ते कामाचे की शोभेचे हे ठरते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो. "एकीकडे जातनिहाय जनगणना मागता आणि दुसरीकडे जात लपवायला सांगता?" या दोन मागण्यांत विरोध नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला, तो आपल्या चळवळीच्या रेट्याचाही विजय आहे. पण १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५ म्हणते की एकेका माणसाची नोंद कोणाला पाहायला मिळणार नाही आणि ती पुरावा म्हणूनही चालणार नाही. समाजाची गणती हवी, कारण त्यावर आपला वाटा ठरतो. एकेका माणसाची नोंद घरमालकाच्या, मालकाच्या आणि सावकाराच्या हातात नको, कारण त्यावर आपला अपमान ठरतो. जात मोजा, माणूस उघडा पाडू नका.

दुसरा आक्षेप छोट्या दुकानदारांचा. सेतू केंद्र आणि झेरॉक्सची दुकाने चालवणाऱ्यांत आपलीही पोरे आहेत. त्यांनी लाखांची प्रमाणपत्रे कुठून आणायची? आणू नयेत. त्यांच्यासाठी साधा नियम पुरे: काम झाले की ग्राहकासमोर फाईल पुसायची आणि तशी पाटी दुकानात लावायची. महागडी तपासणी त्यांच्यावर, ज्यांच्याकडे लाखो लोकांची माहिती आहे. लहानाला कागदाने चिरडायचे आणि मोठ्याला कागदाने वाचवायचे, हा धंदा आपण ओळखतो.

आमच्या मागण्या

१. जात, जमात आणि धर्म ही माहिती कायद्यात पुन्हा संवेदनशील ठरवा. नोकरी देताना, घर भाड्याने देताना, कर्ज देताना गरज नसताना ती मागणे बंद करा.

२. तपासणीची फी कंपनीने सार्वजनिक निधीत भरावी. तपासनीस कोण, हे डेटा संरक्षण मंडळाने ठरवावे, कंपनीने नाही.

३. स्कोपमध्ये शेवटचा माणूस आलाच पाहिजे. वसुली एजंट, कंत्राटदार, फ्रँचायझी यांना वगळून दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य धरू नये.

४. प्रत्येक प्रमाणपत्र, त्याचा स्कोप, त्याची मुदत आणि त्यावरच्या तक्रारी मराठीत सगळ्यांना दिसतील अशी नोंदवही हवी. खोटे निघाले तर रद्द झाल्याचेही जाहीर करा.

५. नुकसान झालेल्याला भरपाई मिळाली पाहिजे. कलम ४३अ जाणार असेल तर त्याच्या जागी दुसरी तरतूद आधी आणा.

६. डेटा संरक्षण मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमते. त्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त आणि स्त्रिया असल्याच पाहिजेत. ज्याला जातीचा चटका बसलेला नाही, त्याला ती माहिती धोकादायक का, हे उमगत नाही.

आणि आपण काय करायचे?

मागण्यांवर निर्णय दिल्लीत होईल. तोवर जिल्ह्यात करण्यासारखे बरेच आहे. विहारात, वाचनालयात, वसतिगृहात एक रविवार या कामाला द्या.

बायकांच्या गटाला सांगा की कर्ज देणाऱ्या ॲपने मोबाईलमधले संपर्क, फोटो आणि कॉलची यादी घ्यायची नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले आहे. विद्यार्थ्यांना मास्क्ड आधार काढायला शिकवा. त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात, आणि जिथे पूर्ण आधार क्रमांकाची सक्ती नाही तिथे तो द्यायचा. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहून सही करायची. म्हाताऱ्यांचे बायोमेट्रिक एमआधारवरून लॉक करून द्या, पण रेशनच्या दिवशी ते उघडायची जबाबदारीही घ्या, नाहीतर मदत करायला जाऊन त्यांचे धान्य अडकेल.

जिल्ह्यात काम करणाऱ्या फायनान्स कंपन्यांना सभ्य भाषेत लेखी पत्र द्या आणि चार प्रश्न विचारा. तुमच्याकडे कोणते प्रमाणपत्र आहे? त्याचा स्कोप काय आणि मुदत कधीपर्यंत? तुमचा इथला एजंट त्यात येतो का? कर्ज फिटल्यावर आमचे कागद कधी पुसता? उत्तर आले तर वस्तीवर वाचून दाखवा. नाही आले तर तेही वाचून दाखवा. नवा कायदा पूर्ण लागू झाला की संमतीची सूचना मराठीत मागता येईल, आणि संमती रीतसर घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असेल. या एका तरतुदीत पुराव्याचे ओझे शेवटी योग्य खांद्यावर गेले आहे. ती वापरायची आजपासून तयारी ठेवा. पत्राच्या पोच पावत्या जपून ठेवा, कारण मंडळाकडे जाण्याआधी कंपनीकडे तक्रार केल्याचे दाखवावे लागणार आहे.

हा विषय शिकलेल्यांचा, शहरातल्यांचा आहे असे अजूनही कोणाला वाटत असेल, तर त्याने १९४७ सालचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' काढून बघावे. त्या मसुद्यात बाबासाहेबांनी माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अकारण झडती आणि जप्तीपासून संरक्षण मागितले होते. त्याच मसुद्यात त्यांनी बजावले होते की राज्यसंस्था बाजूला झाली म्हणजे सामान्य माणूस मोकळा होत नाही, त्याच्यावर खासगी मालकाची हुकूमशाही येते. 'कागदपत्रे' हा शब्द त्यांनी तेव्हाच लिहून ठेवला होता. आज झडती घ्यायला पोलीस दारात यावा लागत नाही, आपले कागद आपणच अपलोड करतो. ते कोणाकडे गेले आणि तिथे त्यांचे काय झाले, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे पुरावा मागितला गेला. आता आपण मागू.

जय भीम! जय संविधान!